दोन स्टेपन्यांचे अण्णा

नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात माणूस साठवायला आपोआप शिकतो. सोलापुरात भाड्याचं घर बघायला आलेला माणूस आधी हौद बघतो, मग खोल्या. पिंप, पिंपाशेजारी टाकी, टाकीवर टाकी. आणि तरीही पाण्याच्या दिवशी पातेली, तांबे, बाळाचा टब, सगळं काठोकाठ. त्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी हे इथले दोन्ही नामांकित पदार्थ कैक दिवस टिकणारे. तेव्हा साठवण हा सोलापुरी माणसाचा दोष नव्हे, ते इथलं हवामान आहे. पण आमच्या शेजारचे अण्णा नुसते साठवणारे नाहीत. वस्तू संपेल म्हणून लोक दुसरी आणून ठेवतात. अण्णा दुसरी संपेल म्हणून तिसरी आणतात.

अण्णांची उमेदीची वर्षं गिरणीच्या स्टोअरखात्यात गेली. बॉबिन, पट्टे, बेअरिंगं, ग्रीसचे डबे यांच्यावर त्यांची सत्ता होती. चिठ्ठी चार नगांची आली तर अण्णा तीन द्यायचे आणि चौथा का लागतो हे विचारायला स्वतः खात्यात जायचे. पुढे सोलापूरच्या इतर गिरण्यांचं झालं तेच त्यांच्या गिरणीचंही झालं. भोंगा बंद झाला, माणसं रस्त्यावर आली, साचे भंगारात गेले. मात्र टाळं लागलं त्या दिवशी स्टोअरमध्ये पट्ट्यांची आठ महिन्यांची शिल्लक होती. हे सांगताना अण्णांची मान आजही ताठ होते. "गिरणी संपली बे, माल नाही संपला."

त्यानंतर चादरी-टॉवेलच्या व्यापारात त्यांचा जम बसला, लेकीचं लग्न झालं, आणि पासष्टी उलटल्यावर अण्णांना देश बघावासा वाटू लागला. हॉटेलवर त्यांचा विश्वास नाही. तिथली चादर कुठली, हे ते उलटीपालटी करून बघतात आणि सोलापूरची नसली की रात्रभर जागे राहतात. तेव्हा त्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये तिचं घर करून घेतलं. दोन पलंग, गॅसची शेगडी, हात धुवायचं बेसिन, पाण्याची टाकी, टाकीला जोडून अर्थातच दुसरी टाकी. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचं कात्रण अण्णांनी लॅमिनेट करून गाडीत लावलंय. सरकार आपल्या मागून आलं, असा त्यांचा एकंदर समज आहे.

गाडी तयार झाली तेव्हा काकूंना त्यांनी हौसेने आत नेलं. काकू पलंगावर बसल्या, लगेच उठल्या आणि म्हणाल्या, "ह्याच्याखाली काय आहे?"

"स्टेपनी."

"आणि त्या पलंगाखाली?"

"दुसरी स्टेपनी."

"मग माझे डबे कुठं ठेवायचे?"

अण्णांनी वर बोट दाखवलं. टपावर कॅरिअर होता. घरातला शहाणा माणूस टपावर आणि टायर पलंगाखाली, ही त्या गाडीची व्यवस्था तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

खरं तर कंपनीने स्टेपनीची जागा मागे चासीखाली दिलेली असते. पण ती जागा अण्णांना अपमानास्पद वाटली. चिखल लागतो, धूळ लागते, आणि रात्री कुणी खाली सरपटून साखळी सोडली तर? म्हणून नवी स्टेपनी घेतली ती थेट आत आली. आणि ती लागली तर मागे काय राहणार, म्हणून त्याच दिवशी दुसरी आली. तिसरीचा विचार झाला होता. काकूंनी माहेरचं नाव काढलं, म्हणून थांबला.

पूर्व भागातले त्यांचे एक पद्मशाली मित्र आहेत, जन्मभर यंत्रमागावर काढलेले. त्यांनी एकदा एन. टी. रामारावांची गोष्ट सांगितली. १९८२-८३ मध्ये रामारावांनी जुनी शेवरोले गाडी प्रचारासाठी बांधून घेतली, तिला चैतन्यरथम नाव दिलं, तीतच राहून सगळा आंध्र पालथा घातला आणि पक्ष स्थापन केल्यापासून वर्षाच्या आत काँग्रेसचं राज्य उलथवलं. मित्राचा गळा दाटून आला होता. सगळे गप्प. अण्णांनी विचारलं, "स्टेपनी कुठं ठेवली असेल त्यांनी?"

अण्णांचे जावई पुण्याला असतात. त्यांनी नवी गाडी घेतली आणि सासऱ्यांना दाखवायला आणली. अण्णांनी नंबर बघितला नाही, रंग बघितला नाही, थेट डिकी उघडली. गालिचा उचलला. आत एक छोटा पंप आणि डिंकासारख्या द्रवाची बाटली. जावईबापूंनी उत्साहाने समजावून सांगितलं, की २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला आहे; चालकासह नऊ माणसांपर्यंतच्या, साडेतीन टनांच्या आतल्या गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. अण्णा बराच वेळ त्या रिकाम्या खड्ड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पंक्चरला बाटली ठीक हाय. टायर फाटला तर बाटलीत काय रफू करणार?"

मुद्दा चूक नाही, हे मान्य करायला हवं. अण्णांचा एकही मुद्दा चूक नसतो, आणि त्यांच्याशी बोलणाऱ्याची खरी अडचण तीच आहे.

टायरबद्दल अण्णांना जे कळतं ते पुष्कळ ड्रायव्हरांना कळत नाही. टायर जास्त हवेने फुटतो, अशी बहुतेकांची समजूत. म्हणून उन्हाळा आला की लोक हवा कमी करून घेतात. अण्णा असं कुणी करताना दिसलं की रस्ता ओलांडून जातात. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते, दबून दबून रबर तापतं, आतले थर सुटायला लागतात, आणि मग बीडच्या वाटेवर किंवा उमरग्याच्या पुढे कुठेतरी धडाड. हवा मोजायची ती टायर थंड असताना. म्हणून अण्णा पहाटे पाचला गेज घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालतात. सिद्धेश्वराला निघालेली माणसं त्यांना नमस्कार करून जातात. त्यांना वाटतं, काहीतरी व्रत आहे. नायट्रोजन भरा म्हणणाऱ्याला अण्णा सांगतात, साध्या हवेत शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग तोच असतो, उरलेल्या बावीस भागांचे पैसे मी का देऊ?

टायरच्या भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे कळल्यापासून अण्णा लग्नाला गेले की मंडपात कमी आणि पार्किंगमध्ये जास्त असतात. गुडघे टेकून, चष्मा कपाळावर चढवून ते पाहुण्यांच्या गाड्यांचे टायर वाचतात आणि जेवणाच्या पंगतीत निकाल लावतात. "ते इंजिनिअर साहेब हायत ना, त्यांची पुढची दोन्ही चाकं गोटा झालीत." एका मुलीच्या स्थळाची चौकशी अण्णांकडे आली होती. मुलगा निर्व्यसनी, घर स्वतःचं, पगार चांगला. अण्णांनी सगळं कबूल केलं आणि शेवटी म्हणाले, "पण खाचांची खोली दीड मिलिमीटरच्या खाली गेलीय. बघा बुवा." खाचांत जे छोटे उंचवटे असतात ते १.६ मिलिमीटरवर टायरच्या पृष्ठभागाला टेकतात. त्यानंतर टायर काढायचा. मुलीकडचे दोन दिवस विचारात होते. लग्न झालं, पण त्याआधी मुलाने टायर बदलले.

फुटल्यावर काय करायचं, याची तालीम हा अण्णांच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा भाग. गाडी जावईबापू चालवतात, कारण अण्णांनी तसं ठरवलंय. स्वतः चालवायला बसलं तर टायरांकडे लक्ष कोण देणार? सुट्टीला जावई आले की रविवारी सकाळी गाडी होम मैदानावर जाते. गड्ड्याची यात्रा नसली की मैदान मोकळं असतं. जावई गाडी चालवतात, मागे काकू कागदाची पिशवी फुगवून तयार बसतात आणि अण्णांनी डोळ्यांनी खुणावलं की फोडतात. फट्! आवाज झाला की काय करायचं, तर काहीच करायचं नाही. ब्रेक दाबायचा नाही, हेच मुख्य. पुढचं चाक फुटलं तर गाडी त्या बाजूला ओढते, मागचं फुटलं तर शेपूट हलवते. दोन्ही वेळी ब्रेक मारला की उलटण्याची सोय. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, गाडी सरळ ठेवायची, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा आणि मग डावीकडे घ्यायची. ऐकायला सोपं आहे. जावईबापूंचा पाय मात्र प्रत्येक फट् ला ब्रेकवर जायचा. अण्णा कपाळाला हात लावायचे. "एम.टेक. केलंय," काकू हळूच म्हणायच्या, ते बाजू घेऊन की नाव ठेवून, हे मला कधी समजलं नाही.

आणि एवढं सगळं करून अण्णांचा टायर कधी फुटला नाही. वर्षानुवर्षं नाही. हे त्यांचं दुःख फार खोल होतं. तुळजापूर झालं, गाणगापूर झालं, हंपी झालं. परत आले की विचारावं, कसा झाला प्रवास? "काय नाही बे. काहीच झालं नाही." हायवेवर कुणाची गाडी जॅकवर दिसली की ते उतरून मदतीला जात. पाना, टॉमी, बाटली जॅक, बॅटरी, हातमोजे, सगळं द्यायचे. स्टेपनी कुणालाही द्यायचे नाहीत. चार मागितले की तीन, हा नियम होता. इथे मागणारा एकच मागायचा.

मध्यंतरी त्यांनी गाडी वजनकाट्यावर नेली. भरलेली, टाक्यांतल्या पाण्यासकट, काकूंसकट. पासिंगपेक्षा दीडशे किलो जास्त निघाली. आता जास्त वजन म्हणजे कमी हवेसारखंच. टायर दबतो, तापतो. म्हणजे फुटू नये म्हणून आणि फुटल्यास हाताशी असावं म्हणून जे काही गाडीत चढलं होतं, दोन स्टेपन्या, दोन जॅक, साखळदंड, लोखंडी पाइप, सागाची फळी, त्याच वजनाने टायर फुटायची वेळ आली होती. मी हे अण्णांना जमेल तेवढ्या सौम्यपणे सांगितलं. ते विचारात पडले. म्हणाले, "म्हणजे दोन स्टेपन्या पुरणार नाहीत म्हणतोस." शेवटी काकूंचा लोखंडी तवा, पितळी पातेलं आणि खलबत्ता उतरवला आणि वजन आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. काट्यावर पुन्हा कुणी गेलं नाही.

आणि मग परवाच्या मे महिन्यात कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघालो. जावई, लेक, अण्णा, काकू, आणि बोलावलं म्हणून मी. बेगमपूरला भीमा ओलांडली, मंगळवेढ्याला दामाजीपंतांचं दर्शन घेतलं. दुष्काळात बादशहाचं कोठार लोकांना खुलं करणारे दामाजीपंत स्टोअरखात्यातल्या माणसाला अवघड जातात. दरवेळी अण्णा हात जोडून थोडे घुटमळतात. यावेळी बोलले. "उघडलं ते बरोबरच. पण चिठ्ठी कुठाय?" लेक म्हणाली, "अहो, विठ्ठल महाराचं रूप घेऊन गेला आणि पैसे भरून आला ना बिदरला." "तेच म्हणतोय," अण्णा म्हणाले, "देवानंसुद्धा पावती घेतली."

मंगळवेढा सोडलं तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. ऊन त्रेचाळीसच्या वर. रस्ता सरळ, सिमेंटचा, दोन्ही बाजूंना काळी रानं. आणि मागून धडाड असा आवाज झाला.

जावईबापूंनी ब्रेक मारला नाही. त्यांनी स्टेअरिंग घट्ट धरलं, गाडी शेपूट हलवत होती ती सरळ ठेवली, पाय हळूहळू काढला आणि मागे न बघता वैतागून म्हणाले, "अण्णा, आता हायवेवरसुद्धा पिशव्या फोडणार का?"

पिशवी काकूंच्या हातात नव्हती. गाडी डावीकडे थांबली. अण्णा उतरले, मागच्या डाव्या चाकाच्या चिंध्यांपाशी उभे राहिले आणि हसले. काकू माझ्या कानात म्हणाल्या, "लेकीच्या लग्नात एवढे हसले नव्हते."

इथून पुढे सगळं पुस्तकाप्रमाणे व्हायला हवं होतं. अण्णा छत्री घेऊन मागे पन्नास पावलं मोजत गेले आणि लाल त्रिकोण मांडून आले. पुढच्या चाकांना दगड लावले. मग स्टेपनी काढायची, तर ती पलंगाखाली. पलंगावर गाद्या, गाद्यांवर बॅगा, बॅगांवर, टपावर ऊन लागतं म्हणून आत घेतलेले काकूंचे डबे. सगळं बिऱ्हाड रस्त्याच्या कडेला आलं. चादरींचा ढीग, शेंगाचटणीचे डबे, शेगडी, घागर. एक मोटारसायकलवाला थांबला आणि चादर कितीला म्हणून विचारू लागला. काकूंनी भाव सांगितला. तो घासाघीस करायला लागला तेव्हा लेकीने त्यांना आवरलं.

जॅक मातीत रुतू नये म्हणून सागाची फळी होती. ती दुसऱ्या पलंगाखाली, दुसऱ्या स्टेपनीच्याही खाली. शेवटी जॅकखाली काकूंचं पोळपाट गेलं. मग नट. नट सैल राहू नयेत म्हणून निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी पान्याला लोखंडी पाइप लावून स्वतः आवळले होते. आता जावई, मी आणि तो चादरवाला मोटारसायकलस्वार तिघे मिळून पाइपवर उभे राहिलो. नट हलले नाहीत. अण्णा बाजूला उभे राहून समाधानाने म्हणाले, "बघितलं का? कसे बसलेत."

ज्वारीची पोती भरलेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, त्याचा क्लीनर उतरला, विशीतला पोरगा. त्याने नटांवर थोडं डिझेल टाकलं, हातोडीने चार ठोके मारले, पाना लावला आणि एकेक नट सोडून ओंजळीत घेतला. पाच-दहा मिनिटांत चाक खाली. मग अण्णांनी स्टेपनी पुढे केली. तिच्यावर नारळ फोडायचा त्यांचा विचार होता, पण नारळ अंबाबाईचा होता. त्यांनी नुसता हात फिरवला. "नवीकोरी आहे. रस्त्याला लागलेली नाही अजून. केस बघ." नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते खरोखर जसेच्या तसे होते.

क्लीनरने टायर उलटा केला, भिंतीवर थुंकी लावून अंगठ्याने पुसलं आणि आकडे वाचले. "काका, ह्यो चौदा सालचा हाय."

"असेल. पण वापरलेला नाही."

"रबर बसल्या जागी म्हातारं व्हतंय. ह्या बघा भेगा." आणि अण्णांकडे बघून, अगदी सहज, "केस हायती खरं. पण पिकल्यात."

सगळ्या सोलापूर जिल्ह्याच्या टायरांची सालं वाचणाऱ्या अण्णांनी पलंगाखाली कधी चष्मा कपाळावर चढवला नव्हता. मुळात नव्या वस्तूचं वय बघायचं असतं, हेच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. दुसरी स्टेपनी काढली, तीही चौदाचीच, मागचापुढचा आठवडा. दोन्ही एकाच दिवशी कुठल्याशा गोदामातून एकदम स्वस्तात घेतलेल्या. ट्रक ड्रायव्हरने सगळ्या पसाऱ्यावर एक नजर टाकली आणि विचारलं, "एवढं वजन कशापायी?" कुणी उत्तर दिलं नाही. त्याने जुनी स्टेपनीच चढवून दिली, तीसच्या पुढे जाऊ नका म्हणाला आणि काकूंनी दिलेली शेंगाचटणी घेऊन निघून गेला.

सांगोल्यापर्यंत आम्ही तीसच्या वेगाने गेलो. सायकलवाले मागे वळून बघत होते. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. मांडीवर वही घेऊन नोंद करत होते. वाटेत एकदा म्हणाले, "नऊ वर्षं शिल्लक दाखवली मी." त्यांचा आवाज बसला होता.

सांगोल्यात टायरचं दुकान सापडलं. अण्णांनी तिथल्या मांडणीवरचा प्रत्येक टायर उतरवायला लावला आणि प्रत्येकाचे चार आकडे वाचले. या वर्षीचा, त्या मापाचा एकच निघाला. तो गाडीला लागला. दुकानदार म्हणाला, आता बिनघोर कोल्हापूरला जा. पण मागे काय राहिलं? दोन म्हाताऱ्या. म्हणून मिरजेला गेलो, तिथे आणखी दोन दुकानं झाली, तिथे दोन टायर मिळाले. ते पलंगाखाली गेले. जुन्या स्टेपन्या टाकून द्या म्हटलं, तर नोंदीत असलेला माल टाकता येत नाही. त्या टपावर चढल्या, आणि काकूंचे डबे लेकीच्या पायांशी आले. तोवर रात्रीचे आठ वाजले होते.

"आता अंबाबाई तासाभरावर," काकू म्हणाल्या.

अण्णांनी वही मिटली. शिल्लक पुरी झाली होती. पुढे जायचं म्हणजे ती पुन्हा धोक्यात घालायची. त्यांनी जावईबापूंना गाडी सोलापूरकडे वळवायला सांगितली. काकूंनी खिडकीतून कोल्हापूरच्या दिशेने हात जोडले आणि मग त्यांच्याकडे वळून विचारलं, "अहो, दर्शनाला निघालो होतो ना आपण?"

"देवी कुठं पळून जाती का?" अण्णा म्हणाले. "टायर गेला असता."